मिठाचे घरकामातील उपयोग: योग्य प्रमाण, नेमकी कृती आणि मर्यादा

मिठाच्या घरगुती उपायांच्या याद्या पुष्कळ सापडतात. मात्र त्यांत प्रमाण क्वचितच दिलेले असते आणि उपाय का लागू पडतो हे तर जवळजवळ कधीच सांगितलेले नसते. त्यामुळे एका घरात मिठाने तांब्याचा हंडा दोन मिनिटांत लख्ख होतो आणि दुसऱ्या घरात त्याच मिठाने नॉनस्टिक तव्याचा थर खरवडून निघतो. वास्तविक मीठ फार थोडी कामे करते. त्याचा कण काचेपेक्षा आणि पोलादापेक्षा मऊ, तरी चिकटलेला थर सैल करण्याइतका कठीण असतो, म्हणून ते घासण्याच्या कामी येते. ते ओलावा आपल्याकडे ओढते. बर्फात मिसळले की बर्फ शून्य अंशाच्या खालीही वितळू लागतो. पाण्यात विरघळले की पाणी जड होते आणि त्यातून वीज अधिक सहज वाहते. हाती घेतलेल्या उपायात यांपैकी कोणते काम चालले आहे हे ओळखले, की मीठ जाडे घ्यावे की बारीक, पाणी किती घालावे आणि कोठे मिठाला हातच लावू नये, हे आपोआप ठरते.

कोणते मीठ कशासाठी

खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन असणे आपल्याकडे बंधनकारक आहे आणि बारीक मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात गुठळी न होऊ देणारा पदार्थही अल्प प्रमाणात घातलेला असतो. घासणे, भिजवणे, गार करणे या कामांत या दोहोंचा काही उपयोग नाही. तेथे शिरोडा, उरण, पेण अशा भागांतल्या मिठागरांचे खडेमीठ अधिक चांगले, कारण त्याचा दाणा मोठा असल्यामुळे तो लवकर विरघळत नाही आणि ते स्वस्तही पडते. मात्र असे मीठ वेगळ्या बरणीत, वर चिठ्ठी लावून ठेवावे. स्वयंपाकासाठी आयोडीनयुक्त मीठच वापरावे. दोन्ही मिठे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवावीत. स्टीलच्या डब्यात ओलसर मीठ राहिले की डब्याच्या तळाला बारीक खड्डे पडतात. याच कारणाने भाजी किंवा शेवया उकडताना स्टीलच्या पातेल्यातल्या गार पाण्यात मीठ टाकून तसेच ठेवू नये. पाण्याला उकळी आल्यावर टाकावे आणि लगेच ढवळावे.

तांब्या-पितळेची भांडी

मिठाचा हा सर्वांत खात्रीचा उपयोग आहे आणि चुकाही यातच सर्वाधिक होतात. तांब्यावर चढणारा काळपट-तपकिरी थर हा तांब्याच्या ऑक्साइडचा असतो. लिंबू, चिंच किंवा आमसूल यांतले आम्ल तो थर विरघळवते. मिठातले क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून ठेवते आणि ही क्रिया पुष्कळच वेगवान करते. केवळ लिंबाने किंवा केवळ मिठाने घासून पाहिल्यास दोघांची जोडी का लागते हे लगेच कळते. एका मध्यम आकाराच्या हंड्यासाठी लिंबाएवढी चिंच अर्ध्या वाटी कोमट पाण्यात भिजवून घट्ट कोळ काढावा आणि त्यात दोन मोठे चमचे मीठ घालावे. मीठ पूर्ण विरघळण्याची वाट पाहू नये, कारण न विरघळलेले दाणे घासण्याचे काम करतात. हा कोळ भांड्याला लावल्यावर रंग बदलताना डोळ्यांदेखत दिसतो: काळपट डाग आधी विटकरी होतो, मग त्याखालून गुलाबीसर झाक वर येते. मिनिटभर थांबून काथ्याने किंवा मऊ कापडाने गोलाकार घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे.

धुणे आणि पुसणे हा या कृतीचा अर्धा भाग आहे. मिठाचा अंश भांड्यावर राहिला तर दुसऱ्याच दिवशी त्यावर हिरवट चट्टे उठतात आणि मग मिठालाच दोष दिला जातो. शेवटचे पाणी निथळून गेले, की कोरड्या पंच्याने भांडे आतबाहेर पुसावे आणि थोडा वेळ उन्हात ठेवावे. ताम्हन, पळी, पंचपात्री यांच्या कडांच्या घडीत आणि नक्षीत कोळ अडकतो; तेथे जुना दात घासायचा ब्रश फिरवावा.

पितळेसाठी कृती हीच, पण वेळ निम्मा. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असल्यामुळे आम्ल व मीठ जास्त वेळ राहिले, तर पृष्ठभागावरील जस्त आधी विरघळते, तांबे मागे उरते आणि पिवळ्या समईवर गुलाबी ठिपके दिसू लागतात. ते पुन्हा घासून काढता येतात, परंतु दर वेळी धातूचा थोडा थर झिजतो. कल्हई केलेल्या पातेल्याच्या आतल्या बाजूला ही कृती मुळीच करू नये. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. मीठ-आंबटाने घासल्यास तो लवकर उडतो आणि पुन्हा कल्हईवाल्याला शोधण्याची वेळ येते, जो आता सहजासहजी सापडत नाही. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या पितळी वस्तूंवर पुष्कळदा पारदर्शक लाखेचा किंवा वॉर्निशचा थर असतो. तो शाबूत असेपर्यंत मीठ-चिंचेचा परिणाम होत नाही. तो अर्धवट निघालेला असेल तर वस्तू ठिपक्याठिपक्यांची दिसू लागते.

चांदीसाठी वेगळी रीत

चांदीला मात्र मीठ-लिंबाने घासू नये. चांदीवरचा काळेपणा ऑक्साइडचा नसून सल्फाइडचा असतो, म्हणजे चांदीचाच काही भाग गंधकाशी जोडला गेलेला असतो. घासून काढल्यास तेवढी चांदी कायमची जाते. पुढील कृतीत ती परत भांड्यावरच राहते.

काचेचे किंवा जाड प्लॅस्टिकचे पसरट भांडे घेऊन त्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमचा कागद, चकाकी वर येईल असा, अंथरावा. त्यावर चांदीच्या वस्तू अशा ठेवाव्यात की प्रत्येक वस्तूचा कागदाला स्पर्श होईल. यात हयगय चालत नाही, कारण चांदी आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले तरच त्यांच्यात विद्युतप्रवाह सुरू होतो. काच तडकू नये म्हणून भांडे आधी कोमट पाण्याने गरम करून घ्यावे. मग एक लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी वस्तू बुडतील इतके ओतावे. सोड्यामुळे थोडा फेस येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नये, तो सुटणाऱ्या गंधकाचा आहे, फक्त खिडकी उघडी असावी. मीठ येथे घासण्याचे काम करीत नाही. पाण्यातून वीज वाहावी एवढेच त्याचे काम आहे. हलका काळेपणा दोन-तीन मिनिटांत जातो आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद काळवंडतो. फार जुना थर असेल तर पाणी बदलून पुन्हा करावे. नंतर वस्तू स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच पुसाव्यात.

मोती किंवा खडे बसवलेले दागिने, लाख भरलेल्या पोकळ वस्तू आणि मुद्दाम काळपट झाक ठेवलेले ऑक्सिडाइज्ड दागिने या पाण्यात घालू नयेत. पहिल्या दोहोंत चिकटवण सुटते किंवा मोत्याची चमक जाते. तिसऱ्यात कारागिराने मेहनतीने दिलेली झाक धुऊन निघते. चांदीच्या वाटीत किंवा तबकात मीठ वाढून ठेवणेही टाळावे.

थर्मास, अरुंद तोंडाच्या बाटल्या आणि चहाचे डाग

ज्या बाटलीत हात जात नाही, तिच्यासाठी खडेमीठ आणि बर्फ ही जोडी उपयोगी पडते. बाटलीत दोन मोठे चमचे खडेमीठ, मूठभर बर्फाचा चुरा आणि एका लिंबाचा रस घालावा, पाणी घालू नये, आणि झाकण लावून मिनिटभर जोराने गोल फिरवावे. पाणी घातले की मीठ विरघळून जाते आणि घासायला काही उरत नाही. बर्फ थोडा थोडा वितळत असल्यामुळे दाणा बराच वेळ टिकतो. हा उपाय स्टीलच्या बाटलीसाठी आणि साध्या काचेच्या बाटलीसाठी आहे. आतून काचेच्या थर्मासात बर्फ आदळून काच फुटू शकते, तेथे बर्फाऐवजी कच्चे तांदूळ आणि थोडे कोमट पाणी घ्यावे. कपाच्या आत बसलेले चहाचे तपकिरी कडे ओल्या बोटावर चिमूटभर बारीक मीठ घेऊन चोळल्यास निघते. सोनेरी कडेच्या किंवा छापील नक्षीच्या कपांवर ते चोळू नये.

बिडाचा तवा आणि लोखंडी कढई

बिडाच्या तव्यावर तेलाचा जो काळा, गुळगुळीत थर बसलेला असतो, तो साबणाने आणि तारेच्या घासणीने जातो आणि मग घावन चिकटू लागते. म्हणून तवा कोमट असतानाच त्यावर मूठभर खडेमीठ टाकून नारळाच्या सोडणाने किंवा जाड कापडाने कोरडेच घासावे. चिकटलेला भाग आणि जुने तेल मिठाला लागून येते, मीठ करडे होते; ते झटकून टाकावे, तवा पुसावा आणि तेलाचा हात फिरवावा. लाकडी पोळपाट आणि भाजी चिरण्याची फळी यांनाही मीठ आणि अर्धे लिंबू चालते, फक्त नंतर ती उभी ठेवून पूर्ण वाळवावी. नॉनस्टिक भांडी, अ‍ॅक्रिलिकच्या वस्तू, मोबाइल किंवा टीव्हीचे पडदे आणि चष्म्याच्या प्लॅस्टिक काचा यांपासून मीठ दूरच ठेवावे.

मिक्सरच्या भांड्यात मीठ फिरवल्याने पात्यांना धार येते, असे ठामपणे सांगितले जाते. मीठ पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे धार येणे शक्य नाही. लसूण-मिरचीचा वास आणि पात्याखाली अडकलेला चोथा मात्र कोरडे खडेमीठ फिरवल्याने निघतो, आणि स्वच्छ झालेले पाते अधिक चांगले चालते. समज बहुधा त्यातूनच पक्का झाला असावा.

ओव्हन नसताना मिठावर केक

आपल्याकडच्या असंख्य घरांत पहिला केक कुकरमध्येच झालेला आहे. मीठ सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरगुती शेगडीवर ते कोरडेच राहते. वाळूप्रमाणे उष्णता धरून ठेवते आणि खालच्या ज्योतीचा थेट चटका केकच्या भांड्याला लागू देत नाही.

पाच लिटरच्या कुकरमध्ये दीड ते दोन वाट्या मीठ पसरावे. त्यावर स्टँड किंवा उपडी ताटली ठेवावी. झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढावीत. ही पायरी विसरली तर रबर जळते, म्हणून गॅस पेटवण्यापूर्वीच रिंग ओट्यावर समोर ठेवलेली असावी. कुकरमध्ये पाणी अजिबात घालायचे नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटे कुकर तापवून मग पिठाचे भांडे आत ठेवावे आणि आच मंद करावी. भांडे पाऊण भरण्यापेक्षा अर्धे भरावे, कारण फुगलेला केक झाकणाला लागला तर वरून ओला राहतो. तीस मिनिटे झाकण उघडू नये. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांनी सुरी खुपसून पाहावी; ती कोरडी निघाली की गॅस बंद करून भांडे चिमट्याने बाहेर काढावे. मीठ गार व्हायला बराच वेळ घेते, त्यामुळे कुकर लगेच धुवायला घेऊ नये. हे मीठ डब्यात भरून पुढच्या केकसाठी ठेवता येते, परंतु भाजीत घालू नये. कोरडा कुकर वारंवार तापवणे अ‍ॅल्युमिनियमला आणि झाकणाच्या सुरक्षा-झडपेला मानवत नाही. म्हणून या कामासाठी जुना कुकर किंवा जाड बुडाची झाकणाची कढई वेगळी काढावी. नानकटाई आणि खारे शेंगदाणेही अशाच रीतीने होतात. शेंगदाणे मात्र थेट गरम मिठात परतायचे आणि मग चाळणीने चाळून घ्यायचे असतात.

बर्फ अधिक गार करणे

हाताने फिरवायच्या पॉट आइस्क्रीमच्या लाकडी बादलीत बर्फाबरोबर खडेमीठ का टाकतात, याचे उत्तर एवढेच, की मिठामुळे बर्फ वितळतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो आसपासच्या वस्तूंतून घेतो आणि मिश्रणाचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. शास्त्रीय मर्यादा उणे २१ अंशांची आहे. घरी तेवढे गाठता येत नाही, पण दूध-साखरेचे मिश्रण घट्ट करण्याइतके नक्की गाठता येते. बर्फाचे तीन भाग आणि मिठाचा एक भाग, बर्फ बारीक फोडलेला, आणि दोन्हींचे एकाआड एक थर, असे प्रमाण ठेवावे. पाहुणे येऊन बसले आणि सरबताच्या बाटल्या गार नाहीत, अशा वेळी बादलीत बर्फ, तो बुडेल इतके पाणी आणि तीन-चार मुठी मीठ घालून बाटल्या त्यात मानेपर्यंत बुडवाव्यात आणि अधूनमधून फिरवाव्यात. नुसत्या बर्फावर ठेवलेल्या बाटलीला बर्फ मोजक्याच जागी टेकतो. पाणी सर्व बाजूंनी टेकते, म्हणून ते आवश्यक आहे. या मिश्रणात उघडा हात धरून ठेवू नये, कातडीला इजा होते. आणि सोड्याच्या काचेच्या बाटल्या त्यात विसरू नयेत, गोठल्या की फुटतात.

कपडे: कोठे उपयोग आहे, कोठे नाही

नवीन रंगीत कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की त्याचा रंग पक्का होतो, हा सल्ला बहुतेक प्रत्येक घरात दिला जातो. त्यात सत्याचा अंश आहे, पण तो रंगवण्याच्या कारखान्यातला आहे. सुती धागा आणि पुष्कळसे रंग दोन्ही पाण्यात ऋणभारित असतात, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. रंगाच्या हौदात मीठ घातल्याने हे लोटणे कमी होते आणि रंग धाग्यात शिरतो. घरच्या बादलीत मीठ असेपर्यंत सुटा रंग काहीसा धाग्यालाच धरून राहतो, पाणी त्या मानाने स्वच्छ दिसते आणि रंग पक्का झाला असे वाटते. पुढच्या साध्या धुण्यात तोच रंग पुन्हा सुटतो. म्हणून कपड्याच्या आतल्या शिवणीवर ओले पांढरे फडके चोळून पाहावे. फडक्याला रंग लागला तर तो कपडा पहिले काही वेळा गार पाण्यात वेगळा धुवावा आणि सावलीत वाळवावा. याहून अधिक मिठाकडून अपेक्षा ठेवू नये.

रक्ताचा ताजा डाग मात्र मिठाच्या गार पाण्याने चांगला निघतो. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून अर्धा तास भिजवावे, मग साबण लावावा. पाणी कोमटही नको; उष्णतेने रक्तातले प्रथिन घट्ट होऊन डाग धाग्यात बसतो. पांढऱ्या सुती कपड्यावर पत्र्याच्या बादलीचा किंवा टाचणीचा गंज लागला असेल, तर डागावर मीठ पसरावे, वर लिंबू पिळून कपडा उन्हात ठेवावा, वाळत आल्यास पुन्हा पिळावे आणि डाग फिका झाल्यावर धुवावे. रंगीत कपड्यावर हे करू नये, लिंबू त्याचा रंगही उडवते. हळदीच्या डागावर मीठ निरुपयोगी आहे. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळत घालणे हाच त्यावरचा उपाय.

भाजी, बियाणे आणि गोगलगायी

फ्लॉवरचे तुरे एक लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून दहा-पंधरा मिनिटे बुडवले, की दांड्यांच्या बेचक्यात दडलेल्या अळ्या बाहेर येतात. तुरे पाण्याखाली राहावेत म्हणून वर ताटली ठेवावी आणि नंतर वाहत्या पाण्याखाली धुवावे. द्राक्षांवरचा किंवा पालेभाजीवरचा फवाऱ्याचा अंश असाच काही प्रमाणात कमी होतो. रोपाच्या आत शोषले गेलेले औषध मिठाने निघत नाही. चिरलेले वांगे आणि सफरचंद मिठाच्या पाण्यात काळे पडत नाही.

ज्यांच्याकडे भातशेती आहे त्यांना मिठाच्या पाण्याचा दुसरा उपयोग ठाऊक असेल. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे तीन टक्क्यांचे द्रावण, करून त्यात बियाणे ओतून ढवळतात आणि पाणी स्थिर होऊ देतात. मिठाने पाणी जड झाल्यामुळे पोचट आणि रोगट बी वर तरंगते. ते काढून जाळतात. तळाशी बसलेले बी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. धुण्यात कसूर झाली तर उगवणीवर परिणाम होतो.

पावसाळ्यात कुंड्यांभोवती आणि शेतात दिसणाऱ्या शंखी गोगलगायींनी २०२२ मध्ये मराठवाड्यात सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचे मोठे नुकसान केले होते. त्यांच्यावर मीठ फेकत बसण्यापेक्षा संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट जागोजागी टाकावे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. मिठाने त्यांच्या अंगातले पाणी ओढले जाऊन त्या मरतात. मीठ बादलीत राहिले पाहिजे, मातीत नाही.

कपाटातला ओलावा

हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतून पाणी ओढून घेऊ लागते. त्याखाली ते जवळजवळ निष्क्रिय असते. म्हणजे जुलै महिन्यात मुंबई, कोकण किंवा गोव्यातल्या कपाटात मिठाची वाटी काम करील आणि सोलापूरच्या हिवाळ्यात करणार नाही. रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाला भोके पाडून त्यात पाव किलो खडेमीठ ठेवावे आणि तळाशी पाणी साचले की ते ओतून मीठ कढईत परतून कोरडे करावे. लोखंडी ट्रंक, शिवणयंत्र किंवा विजेची उपकरणे यांच्याजवळ हा डबा ठेवू नये. बाजारातल्या कॅल्शियम क्लोराइडच्या पुड्या याहून कितीतरी जास्त पाणी ओढतात. बंद घर महिनाभर ठेवायचे असेल तर त्याच घ्याव्यात.

कढईतल्या तेलाने पेट घेतल्यास

प्रथम गॅस बंद करावा आणि घट्ट झाकण ठेवावे. झाकण हाताशी नसेल आणि ज्वाळा लहान असेल, तर मिठाची बरणी उपडी करावी. मिठाचा जाड थर हवा तोडतो. चिमूट-दोन चिमूट मिठाने काही होत नाही. पाणी कदापि ओतू नये, आणि मीठ समजून पिठाचा डबाही उचलू नये, कारण उडालेले पीठ स्वतःच भडकते.

वापरलेले मीठ आणि खारे पाणी

वरील सर्व कामांनंतर उरलेले पाणी मोरीत भरपूर साध्या पाण्याबरोबर सोडावे. तुळशीत, गुलाबाच्या कुंडीत किंवा परसातल्या आळ्यात ते ओतू नये, कारण मुळांना पाणी घेणेच अशक्य होते आणि साचलेले मीठ निचऱ्याशिवाय जात नाही. फरशीच्या फटींतले गवत मारण्यासाठी मीठ टाकण्याचा सल्लाही पाळू नये. गवत मरते, पण सिमेंटमधली लोखंडी सळई गंजू लागते. झाडांच्या मुळाशी मीठ न टाकण्याला माड हा अपवाद आहे. नारळाच्या झाडाला क्लोराइड मानवते, आणि जांभ्याच्या कठीण जमिनीत लागवडीच्या काही महिने आधी प्रत्येक खड्ड्यात दोन किलो खडेमीठ टाकल्यास जांभा मऊ पडून मुळांना वाट मिळते. केकसाठी वापरून वापरून करडे झालेले मीठ आणि गोगलगायींच्या बादलीतले पाणी यांत फरक करावा: पहिले माडाच्या आळ्यात बुंध्यापासून हातभर दूर पसरून टाकायला हरकत नाही, दुसरे गोगलगायींसकट दूर खड्डा खणून पुरावे.